गाडी बेर्तोची, इंजिन इराइदाचं

मोका गावात इराइदा नासारिओच्या घटस्फोटाची गोष्ट लोक अजून सांगतात. अकरा वर्षांपूर्वी न्यायाधीशांनी घर तिच्या आईच्या नावावर आहे म्हणून बाजूला ठेवलं, कुत्रा नवऱ्याला दिला आणि गाडीपाशी येऊन ते अडले. गाडी नवऱ्याच्या नावावर होती, पण तिच्यात इंजिनच नव्हतं. ते इराइदाने महिनाभर आधी, एकटीने, एका दिवसात उतरवून घरामागच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं होतं.

"बाई, इंजिन हा गाडीचाच भाग असतो," न्यायाधीश म्हणाले.

"हे नाही," असं म्हणून इराइदाने एक जाडजूड वही त्यांच्या पुढ्यात सरकवली.

वहीत चारही पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये किती फट ठेवली, कुठला नट किती जोराने आवळला, टर्बोची हवा किती दाबाने आत सोडली, हे सगळं तिच्या बारीक अक्षरात तारखांसकट लिहिलेलं होतं. न्यायाधीशांच्या स्वतःच्या अंगणातही दोन जुन्या गाड्या गंजत पडल्या होत्या. त्यांनी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली, मध्ये दोनदा मान डोलावली आणि निकाल दिला. गाडी एरिबेर्तो लुगोची, इंजिन इराइदा नासारिओचं.

इराइदा एकोणिसाव्या वर्षी मायाग्वेसच्या एका कारखान्यात लेथवर उभी राहिली होती. तिथे डॉक्टरांच्या हत्यारांचे सुटे भाग बनायचे, आणि केसाच्या विसाव्या भागाइतकी चूक झाली तरी माल परत यायचा. हे तिला कधी जड गेलं नाही. तिची आई दोन्या प्रोवी, म्हणजे प्रोवीबाई, आयुष्यभर लाकडी कांड्यांवर लेस विणत आलेली बाई. एक धागा चुकला तर हातभर काम उसवायचं, हे इराइदाने कारखान्यात जायच्या कितीतरी आधी घरातच पाहिलं होतं. कारखाना बंद पडला तेव्हा तिने तिथला एक जुना लेथ उचलून शेडमध्ये बसवला. सकाळी हार्डवेअरच्या दुकानात किल्ल्या कापायच्या आणि दुपारनंतर आपल्या लेथवर उभं राहायचं, असं तिचं चाललं होतं.

बेर्तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. देखणा, बोलका, चार माणसांत चटकन मिसळणारा. लग्नानंतर दोघांनी मिळून एक छोटी जपानी गाडी घेतली. बॉडी, रंग, सीटा हे त्याचं काम आणि इंजिन तिचं. पहिल्यांदा टर्बोचा जोर लागला तेव्हा रस्ता ओला होता. गाडी गर्रकन फिरली आणि आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. शेजारचे अन्सेल्मो फेलिऊ, जे तेव्हा शाळेची बस चालवायचे, पोट धरून हसले. "ही तर नदीतली कोळंबी, ग्वाबारा! उलटीच पळते!" तेव्हापासून गाडीचं नाव ग्वाबारा पडलं, आणि बेर्तोने तिला रंगही कोळंबीचाच दिला.

मग एका वर्षी जुन्या गाड्यांच्या क्लबच्या मेळाव्यात ग्वाबाराला पहिला कप मिळाला. बेर्तो मंचावर गेला. त्याने देवाचे आभार मानले, वारलेल्या वडिलांचे मानले, रंगाऱ्याचे, टायरवाल्याचे आणि कोपऱ्यात अल्कापुरिया तळणाऱ्या बाईचेसुद्धा मानले. इराइदा खाली त्याचा चष्मा सांभाळत उभी होती.

"मी भांडले नाही," ती पुढे कुणी विचारलं तर सांगायची. "चष्मा दिला, घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पाना घेतला."

मार्च महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी बेर्तो फाटकाशी येऊन उभा राहिला. टोपी हातात होती. अकरा वर्षांत दोघं एकमेकांना किराण्याच्या दुकानात, मयताला, एका बारशाला असे भेटलेले. पण या फाटकाशी तो पहिल्यांदाच आला होता.

व्हरांड्यात दोन्या प्रोवी उशीवर टाचण्या टोचून लेस विणत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कोण, बेर्तो? कुत्रा कसा आहे?"

"गेला, दोन्या प्रोवी. चार वर्षं झाली."

"अरेरे. गुणी होता बिचारा," त्या म्हणाल्या. "ये, बस."

तो बसला नाही. शेडच्या दारात येऊन म्हणाला, "इंजिन गेलं."

इराइदाने लेथ बंद केला. "रॉड तुटला?"

"ब्लॉक फोडून बाहेर आलाय. एवढं भोक आहे, मूठ जाईल आत."

"तुझी की माझी?"

बेर्तोला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. रविवारी क्लबचा मेळावा होता, क्लबला पंचवीस वर्षं होत होती, आणि पोस्टरवर फोटो होता ग्वाबाराचा. सान सेबास्तियानपासून आग्वादियापर्यंत प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर ते पोस्टर लागलं होतं. त्याने खिशातून घडी घातलेलं एक काढून दाखवलं.

"मग आण दुसरं इंजिन."

"चार दिवसांत? टर्बोचं, आणि त्या गाडीत बसणारं?" त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. कोपऱ्यात मेणकापडाखाली ते उभं होतं. इराइदा दर रविवारी चर्चमधून आली की त्यात थोडं तेल सोडायची आणि लांब पान्याने अर्धा फेरा फिरवून ठेवायची, म्हणजे आतून जाम होऊ नये. का करतेस, असं आईने एकदा विचारलं होतं. चांगली वस्तू आहे म्हणून, एवढंच ती म्हणाली होती.

आताही तिने फार वेळ लावला नाही. मनात तिने नट मोजायलाही घेतले होते.

"तीन गोष्टी," ती म्हणाली. "बसवणार मी. माझ्या शेडमध्ये तू मला सल्ला द्यायचा नाहीस. आणि रविवारी गाडी मी चालवणार."

"तू चालवणार? सगळ्यांसमोर?"

"नाहीतर पोस्टर घेऊन जा. त्याला कुठे इंजिन लागतंय!"

बेर्तोने टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "बरं. पण तुला तिचा क्लच माहीत नाही, तो जरा..."

"पहिला सल्ला," इराइदा म्हणाली. "इथून पुढे मोजतेय मी."

शुक्रवारी तिने दुकानातून सुट्टी घेतली. सकाळी सातला अन्सेल्मो आपल्या पिकअपला दोर बांधून ग्वाबाराला ओढत घेऊन आले. बेर्तो पावाची गरम लादी आणि चीज घेऊन आला होता. चौघांनी कॉफी घेतली, आणि इराइदाने बोनेट काढून भिंतीला टेकवलं.

ती आत वाकली. वायरींना काळी चिकटपट्टी, पाण्याच्या पाइपाला बांधायची तार, रेडिएटरखाली लाकडाचा एक ठोकळा.

"हा ठोकळा कसला?"

"तात्पुरता," बेर्तो म्हणाला.

"कधीपासून?"

"...चार-पाच वर्षं झाली असतील."

सल्ला न देण्याचं वचन त्याने दिलं होतं. टोमणे न मारण्याचं वचन तिच्याकडून कुणी घेतलं नव्हतं.

दहा वाजेपर्यंत रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप, वायरी, सगळं सुटलं. शेडच्या लोखंडी तुळईला साखळीची कप्पी टांगलेली होती. अन्सेल्मो साखळी ओढायला लागले, कड्या खडखडल्या, आणि फुटकं इंजिन हळूहळू वर आलं. भोकातून उरलंसुरलं काळं तेल टपटपत होतं. दोन्या प्रोवी लेस बाजूला ठेवून बघायला आल्या. "याच्या आतड्याला छिद्र पडलंय," त्या म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

जुनं इंजिन बाजूला झालं. इराइदाने मेणकापड ओढून काढलं. बेर्तो पुढे आला, आणि हात मागे बांधून उभा राहिला. अकरा वर्षांनी ते बघत होता. ॲल्युमिनियमचं झाकण अजून चकचकत होतं, आणि टर्बोचा गोगलगायीसारखा गोल डबा स्वच्छ पुसलेला होता.

खरी अडचण निघाली दुपारी. मधल्या काळात बेर्तोने गाडीला नंतरच्या मॉडेलचा गिअरबॉक्स बसवला होता. बोल्टांची भोकं जुळत होती, ती तिने आधीच मोजून घेतली होती. पण गिअरबॉक्सच्या दांड्याचं पुढचं टोक इंजिनच्या मागच्या टोकात एका छोट्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या आखूड नळीत, बसतं, आणि नव्या दांड्याचं टोक बारीक होतं. इराइदाने बोटाने दांडा हलवून पाहिला. बुशमध्ये तो सैल बांगडीसारखा खुळखुळला.

बेर्तोचा चेहरा उतरला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तसंच चालवलं तर?"

"तसंच चालवून चालवून ब्लॉकला भोक पडलं," ती म्हणाली. "सरक."

फळीवरच्या डब्यात तिने काशाचा एक जाड तुकडा जपून ठेवला होता, मासेमारीच्या एका मोडीत निघालेल्या होडीच्या पंख्याच्या दांड्यातला. तो तिने लेथवर चढवला, चष्मा लावला आणि मशीन चालू केलं. सोनेरी कीस गुंडाळ्या होऊन खाली पडायला लागला. ती एकदा कापायची, थांबायची, मायक्रोमीटरने मोजायची, परत एकदा कापायची. घाई नव्हती आणि उशीरही नव्हता. अन्सेल्मो खुर्ची उलटी करून बसले होते. शाळेची बस चालवणाऱ्या माणसाला चाळीस पोरांच्या गोंगाटाची सवय. पण त्या तासाभरात त्यांचेही कान लेथकडेच लागले होते. बेर्तोने मात्र नंतर सांगितलं, की लग्नाच्या चौदा वर्षांत तो तिच्या लेथशेजारी कधी तासभर उभाच राहिला नव्हता. तो बाहेर पाहुण्यांशी बोलत असायचा.

बुश तयार झाला, तो मुद्दाम बाहेरून एक केस जाड ठेवलेला. इराइदा तो रुमालात गुंडाळून स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीजरमध्ये ठेवला.

"माझ्या पास्तेलेसशेजारी काय ठेवलंस?" दोन्या प्रोवी ओरडल्या. नाताळचे, केळीच्या पानात बांधलेले शेवटचे सहा त्यांनी ईस्टरसाठी राखून ठेवले होते.

"इंजिनाचा तुकडा. गारठला की आक्रसतो, मग आत सहज जातो."

"तेल लागलं तर तुलाच खायला लावीन सगळे."

तेल लागलं नाही. संध्याकाळी बुश गारठून बाहेर आला, आणि हातोडीच्या तीन हलक्या ठोक्यांत जागेवर बसला. इराइदाने दांडा घालून पाहिला. आता तो फिरत होता, पण हलत नव्हता. तिने हात धुतले आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

शनिवारी सकाळी इंजिन आत गेलं. हे काम दोन माणसांचं, आणि त्या दोघांचं एकमेकांशी जमायला लागतं. एकाने वरून इंजिन तोलायचं, दुसऱ्याने गाडीखाली पाठीवर झोपून गिअरबॉक्स सांभाळायचा आणि दांडा बुशच्या तोंडाशी धरायचा. बेर्तो गाडीखाली सरकला.

"डावीकडे," तो खालून म्हणाला.

"किती?"

"बोटभर. हां. आता खाली. अजून. थांब!"

साखळी थांबली. इराइदाने दोन्ही तळवे इंजिनावर ठेवून ते किंचित मागे-पुढे डुलवलं, बेर्तोने खालून गिअरबॉक्स उचलला, आणि एक मऊ, ठाम आवाज होऊन दोन्ही एकमेकांत बसले. भांडत होते त्या वर्षांतही हे त्यांना कधी अवघड गेलं नव्हतं. इराइदाला ते आठवलं. वाईट वाटलं नाही, फक्त आठवलं.

दुपारभर पाइप, वायरी, पट्टे जोडून झाले. लाकडाचा ठोकळा तिने अन्सेल्मोंच्या कोंबड्यांच्या खुराड्याकडे भिरकावला आणि त्या जागी लोखंडी पट्टी वाकवून बसवली. सुरू करण्याआधी टर्बोच्या तोंडात छोट्या बुधलीने तेल सोडलं. मग ठिणगी बंद ठेवून इंजिन नुसतंच फिरवलं. तेलाचा काटा हलेना. दहा सेकंद झाली, वीस झाली. इराइदा थांबली, परत फिरवलं, आणि काटा संथपणे उठून वर गेला.

"आता," ती म्हणाली.

पहिल्या प्रयत्नाला नुसती खोकल्याची उबळ आली. दुसऱ्याला इंजिनाने दम घेतला आणि सुरू झालं. मागून पांढऱ्या धुराचा एवढा लोट निघाला, की व्हरांड्यातून दोन्या प्रोवींनी स्वर्गातल्या मारियामातेला हाक मारली. मग धूर विरला आणि उरला फक्त आवाज, खालच्या पट्टीतला, सलग, एकही ठोका न चुकणारा. इराइदा कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

बेर्तोचा हात टर्बोचा दाब वाढवायच्या स्क्रूकडे निघाला. तिने नुसतं बघितलं. हात खिशात गेला.

मेळावा आग्वादाजवळ, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात होता. रविवारी सकाळी नऊलाच दोनशेच्या वर गाड्या लागल्या होत्या. बोनेटं उघडी, गाणी मोठ्याने, कोळशाच्या धुरात काड्यांना टोचलेलं मांस भाजलं जात होतं. ग्वाबारा फाटकातून आत आली तेव्हा पोस्टरमुळे सगळ्यांना ती ओळखू आली. मग चाकामागे कोण आहे ते दिसलं.

"काय रे बेर्तो, लायसन्स जप्त झालं वाटतं!" एकाने आरोळी ठोकली.

"ड्रायव्हर ठेवलीय! मोठा माणूस झाला हा!"

इराइदाने काच खाली केली. "याला सोबत आणलंय, गाडी धुवायला कुणीतरी लागतं ना." हशा पिकला, आणि तिने ठरलेल्या जागेत गाडी एका झटक्यात उलटी घेऊन लावली. क्लच जरा कडक होता, एवढं खरं.

दुपारी रुळांवरची चाचणी होती. गाडीची मागची चाकं दोन लोखंडी रुळांवर ठेवायची, गाडी जागच्या जागी पळवायची, आणि इंजिनात किती घोड्यांचं बळ आहे ते पडद्यावर दिसतं. मशीन चालवणारा ग्वितो नावाचा जाडजूड माणूस पट्ट्यांनी गाडी बांधून बेर्तोकडे वळला. "कुठपर्यंत ताणायचं?"

"ती चालवतेय ना," बेर्तो म्हणाला.

ग्वितो खिडकीशी वाकला. इराइदाने मिनिटाला सहा हजार फेरे सांगितले.

तिने बनवलेलं इंजिन तिने कधी पूर्ण जोरात चालवलंच नव्हतं. ते आधी नेहमी बेर्तोने केलं होतं, आणि ती बाहेर उभी राहून ऐकायची. आता चौथा गिअर टाकून तिने पाय दाबला. आधी नुसती घरघर, मग साडेतीन हजारावर टर्बो जागा झाला. शिट्टी वाढत गेली, सीट हादरली, पट्टे ताणले गेले, आणि सगळं आवार थरथरायला लागलं. लोक मशीनभोवती दाटले. "दे! दे! अजून दे!" कुणीतरी टपावर थापा मारत होतं. काटा सहा हजाराशी आला. इंजिन अजून वर चढायला तयार होतं. ते तिला पायाच्या तळव्यात जाणवत होतं. तिने पाय उचलला.

पडद्यावर आकडा आला, दोनशे चौऱ्याऐंशी. त्या दिवसातला तो सहावा होता. गर्दीतून निराशेचा एक हुंकार निघाला.

"अजून होतं ना त्यात?" ग्वितोने विचारलं.

"होतं."

"मग सोडलंस का?"

"अकरा वर्षं उभं होतं ते. आज सहा हजार पुरे. पुढच्या वर्षी सात."

ग्वितोने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या मशीनवर त्या सकाळीच दोन इंजिनं फुटली होती. "असं सांगणारं इथे कुणी येत नाही," तो म्हणाला.

चारच्या सुमाराला क्लबच्या अध्यक्षांनी पोस्टरवरच्या गाडीचा मालक म्हणून बेर्तोच्या हातात माइक दिला. इराइदा तेव्हा बोनेटखाली वाकून एका पाइपाच्या जोडावर आलेला तेलाचा थेंब पुसत होती.

"मला नेहमी भरपूर बोलायला लागतं," बेर्तो म्हणाला. "आज थोडंच बोलतो. हे इंजिन इराइदा नासारिओने बनवलंय. कप मिळाला तेव्हाही तिनेच बनवलं होतं, आणि ते मी सांगितलं नव्हतं. मला यातलं अर्धंही कळत नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर ती तिथे आहे."

क्षणभर कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मग मागून कुणीतरी ओरडून विचारलं, "पिस्टनला फट किती ठेवलीस?" आणि सगळे हसले.

इराइदाने जोड पुसून पूर्ण केला. अकरा वर्षं तिला वाटायचं, की हे शब्द कधी कानावर पडले तर आपल्या आत काहीतरी वितळेल. तसं काही झालं नाही. बरं वाटलं, आणि कडकडून भूक लागली. तिने दोन अल्कापुरिया खाल्ल्या, उभ्या उभ्या, आणि मग पुढचे दोन तास माणसं प्रश्न विचारत राहिली आणि ती उत्तरं देत राहिली. फट सांगितली, नट सांगितले, गारठवलेला बुशही सांगितला. घसा बसला तेव्हा बेर्तो थंड माल्टाची बाटली तिच्या हातात देऊन गेला.

परतताना तिने किनाऱ्याचा लांबचा रस्ता धरला. रिंकोनच्या वळणावर समुद्रावर ऊन उतरत होतं. बेर्तोने विचारलं, "मग कधी उतरवायचं?"

"काय?"

"इंजिन. तुझं आहे."

"राहू दे त्यात. बसलंय चांगलं," इराइदा म्हणाली. "तेल मात्र माझ्याकडेच बदलायचं. आणि तो स्क्रू फिरवलास तर मला आवाजावरून कळेल."

"कळेल, माहीत आहे मला," बेर्तो म्हणाला आणि काच पूर्ण खाली केली.

गावात अर्थातच बोलणं सुरू झालं. दर महिन्याला एका रविवारी फाटकाशी ग्वाबारा दिसते म्हटल्यावर कोण गप्प बसेल! दोन्या प्रोवींनीही एकदा कांड्या फिरवता फिरवता विषय काढला. "आई, इंजिन दिलंय, घर नाही," इराइदा म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला. बेर्तो येतो, कॉफी घेतो, लेथशेजारी थोडा वेळ उभा राहतो आणि जातो.

ऑगस्टात तिने किल्ल्यांची नोकरी सोडली. शेडमध्ये तेव्हा तीन इंजिनं नंबर लावून होती. त्यांतलं पहिलं आतियोहून आलं होतं, ट्रकच्या मागे गवताच्या पेंढ्यांत बसवून. मालक गुरांचा डॉक्टर होता, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा. इराइदाने वरचं झाकण उघडलं, टॉर्च मारला, एका बोल्टवरून बोट फिरवलं आणि वर पाहिलं.

"हे आधी कुणी उघडलं होतं?"

डॉक्टर जरा चुळबुळला. "मीच."

"बसा, डॉक्टर," ती म्हणाली. "कॉफी घ्या. वेळ लागणार आहे."